भाजे आणि कार्ले: एका दिवसात दोन चैत्यगृहं नीट कशी पाहावीत

लोणावळ्याच्या सहलीत कार्ल्याची लेणी बहुतेक वेळा उरकली जातात. सकाळी अकराला पोचायचं, एकवीरा आईचं दर्शन घ्यायचं, शेजारच्या लेण्यात पाच-दहा मिनिटं फिरून फोटो काढायचे आणि जेवायला खाली उतरायचं. भाज्याचं त्याहून वाईट. पावसाळ्यात धबधब्यात भिजायला हजारो लोक तिथे जातात आणि त्यातले कितीतरी लेण्यापर्यंत चढतही नाहीत. खरं तर डोंगर पोखरून केलेली इतकी जुनी बौद्ध प्रार्थनागृहं इतक्या हाताशी क्वचितच असतात. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं, चढण अर्ध्या तासाच्या आतली आहे आणि खर्च नगण्य आहे. फक्त क्रम, वेळ आणि काय पाहायचं हे ठरवून जायला हवं.

क्रम असा: सकाळी भाजे, दुपारनंतर कार्ले. उलटा करू नका. भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं आणि कार्ल्याचं इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. भाजे आधी पाहिलं की लाकडी इमारत दगडात उतरवणारे कारागीर कुठून निघाले ते कळतं, आणि मग कार्ल्यात ते कुठे पोचले ते दिसतं. कार्ले आधी पाहिलं तर त्या भव्यतेनंतर भाजे साधं वाटतं आणि माणूस तिथे थांबत नाही. दुसरं कारण उजेडाचं. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी डोंगराची सावली दर्शनी भागावर असते आणि आतला मंडप काळोखा राहतो. दुपारी तीननंतर ऊन मोठ्या कमानीतून आत यायला लागतं. भाजेही पश्चिमाभिमुखच आहे, पण त्याचा दर्शनी भाग पूर्ण उघडा असल्यामुळे सकाळच्या सावलीतही आत पुरेसा उजेड असतो.

कधी जावं

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. गवत पिवळं पडलेलं असतं, हवा स्वच्छ असते आणि पायऱ्या कोरड्या असतात. एप्रिल-मे मध्ये जायचं तर भाजे दहाच्या आत संपवा, कारण दुपारी उघडा कातळ चटके देतो. जून ते सप्टेंबर डोंगर फार सुंदर दिसतो, पण शनिवार-रविवारी भाज्याचा अरुंद रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि काळ्या दगडावर शेवाळ धरतं. पावसाळ्यात जायचंच असेल तर मधला वार निवडा आणि चांगल्या पकडीचे बूट घाला. गुळगुळीत झालेल्या तळव्यांच्या चपला हे इथे पडण्याचं पहिलं कारण आहे, आणि लोक चढताना नव्हे तर उतरताना पडतात.

कार्ल्यासाठी आणखी एक हिशोब धरावा लागतो. चैत्यगृहाच्या अगदी दारात एकवीरा आईचं देऊळ आहे. आगरी-कोळी समाजाचं हे दैवत आणि इतर अनेक घराण्यांची कुलदेवता. चैत्रातल्या यात्रेत आणि नवरात्रात डोंगर माणसांनी भरून जातो. दर्शनासाठीच येणार असाल तर ते दिवस तुमचेच आहेत. लेणं पाहायचं असेल तर ते टाळा, रविवारही टाळा. मंगळवार ते गुरुवारमधला साधा दिवस मिळाला तर मंडपात काही काळ एकटं बसायला मिळू शकतं.

दोन्ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. भारतीयांना तिकीट २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. दोन्हीकडे वेगळं तिकीट काढावं लागतं. प्रवेशद्वारावरचा क्यूआर कोड वापरून ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं, पण डोंगरावर नेटवर्क दगा देतं, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. वेळ साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ५. बंद व्हायच्या अर्धा तास आधीपासून रखवालदार लोकांना बाहेर काढायला लागतात, तेव्हा कार्ल्याला साडेतीनपर्यंत आत असायला हवं.

बरोबर काय घ्यावं

माणशी दोन लिटर पाणी. लेण्यांतल्या टाक्यांमधलं पाणी पिऊ नका. एक चांगली विजेरी घ्या. मोबाइलचा उजेड कार्ल्याच्या १४ मीटर उंच छतापर्यंत पोचत नाही. दुर्बीण असेल तर नक्की घ्या. साधी आठपट मोठं दाखवणारी पुरते. कार्ल्यातलं सर्वात देखणं काम डोक्याच्या बरंच वर, खांबांच्या माथ्यावर आहे आणि नुसत्या डोळ्यांना ते आकारांची गर्दी वाटतं. खाऊ पिशवीत बंद ठेवा. कार्ल्याच्या पायऱ्यांवर माकडं आहेत आणि हातातली प्लास्टिकची पिशवी त्यांना लांबून ओळखू येते.

उग्र अत्तर लावू नका आणि कातळाखाली सिगारेट, अगरबत्ती, धूर काहीही करू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लागतात. धुराने किंवा दगड मारल्याने ती उठली तर उघड्या पायऱ्यांवर लपायला जागा नसते. मोहोळ दिसलं तर त्याखालून गप्प, आवाज न करता पुढे निघा.

ड्रोन चालत नाही. तिपाईसाठी आधी परवानगी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला हरकत नाही.

पोचणं

लोकल पुणे–लोणावळा मार्गावरच्या मळवली स्टेशनवर थांबते. लोणावळ्याकडून येताना ते पहिलंच स्टेशन. पुण्याहून थेट लोकल आहे. मुंबईहून पहाटेच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने लोणावळ्याला उतरा आणि तिथून पुण्याची लोकल धरा. लोकल लगेच नसेल तर वाट पाहत बसण्यापेक्षा लोणावळ्याहून रिक्षा केलेली बरी. या मार्गावर दुपारच्या वेळी लोकल फार विरळ असतात. हे ठाऊक नसलं की परतीच्या वेळी फलाटावर दोन-दोन तास जातात. निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक पाहून संध्याकाळच्या दोन गाड्या लिहून ठेवा.

मळवलीहून भाजे गाव दोनेक किलोमीटर. स्टेशनातून दक्षिणेकडे, म्हणजे समोर लोहगड-विसापूर दिसतात त्या बाजूला निघा. वाटेत द्रुतगती महामार्गावरचा पूल लागतो. तो ओलांडला की सरळ गावात. गावातून डावीकडे पायऱ्या सुरू होतात आणि रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत तिकीटघर येतं. गावातल्या घरगुती खानावळींत वर जाताना जेवण सांगून ठेवलं तर उतरेपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते. न सांगता बाराला गेलात तर चहा-बिस्किटांवर भागवावं लागेल.

भाजे: दीड तास

इथे एकूण २२ लेणी आहेत. सगळी पाहायची गरज नाही. सरळ १२ क्रमांकाच्या चैत्यगृहासमोर जा, पण लगेच आत शिरू नका. आधी पंधरा-वीस पावलं मागे उभं राहून दर्शनी भाग पाहा. घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेल्या छोट्या खिडक्या, सज्जे, कठडे. हे सगळं लाकडी घरासारखं आहे, कारण कारागिरांपुढे नमुना लाकडी घराचाच होता. कमानीखालची मोकळी जागाही मुळात मोकळी नव्हती. तिथे लाकडाचा दर्शनी पडदा बसवलेला होता आणि तो कुजून गेला. तो बसवण्यासाठी केलेल्या खाचा आणि भोकं कमानीभोवती अजून दिसतात. ती शोधा. एकदा ती दिसली की उरलेलं लेणं आपोआप उलगडायला लागतं.

आता आत. मंडप सुमारे १८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. साध्या अष्टकोनी २७ खांबांची रांग दोन्ही बाजूंनी जाऊन स्तूपामागे वळते. दारापाशी मध्यभागी उभं राहून एका बाजूच्या खांबांकडे नीट पाहा. ते आत कललेले आहेत. वर अरुंद, खाली रुंद असा भास होत असेल तर तो भास नाही. लाकडी मंडपात छताचा दाब बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत तिरके रोवावे लागतात. अखंड कातळात छत खांबांवर पेललेलंच नसतं, तेव्हा त्या तिरकेपणाची काहीच गरज नव्हती. तरीही तो जसाच्या तसा उतरवला. पुढच्या लेण्यांत खांब सरळ होत जातात, आणि दुपारी कार्ल्यात हा फरक तुम्हीच पकडाल.

छताला लाकडी वासे आहेत. त्यातल्या जुन्या वाशांवर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड इथे पावसाच्या डोंगरात टिकून राहिलं. काही खांबांवर फूल, चक्र अशी छोटी चिन्हं कोरलेली आहेत. विजेरी समोरून न धरता खांबाला लावून आडवी धरली की ती उठून दिसतात. स्तूपाला प्रदक्षिणा घालायची असेल तर डाव्या बाजूने शिरून, स्तूप उजव्या हाताला ठेवून, खांबांमागच्या वाटेने जा. तीच मूळची प्रदक्षिणेची वाट आहे.

चैत्यगृहातून बाहेर पडून डाव्या हाताला, दक्षिणेकडे चालत राहा. वाटेत १४ लहान स्तूपांचा समूह लागतो, काही कातळाच्या छताखाली, काही उघड्यावर. हे इथल्या थोर भिक्खूंचे स्मृतिस्तूप. काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत. मुलं त्यांच्यावर चढतात आणि मोठे फोटो काढतात. कृपा करून मुलांना खाली उतरवा. ही समाधिस्थानं आहेत.

त्याच बाजूला १९ क्रमांकाचा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याचं लेणं, आहे. भाज्याला आलेली निम्मी माणसं तिथपर्यंत जातच नाहीत आणि इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. त्याच्या ओसरीत दाराच्या दोन बाजूंना दोन शिल्पपट आहेत: एकीकडे चार घोड्यांच्या रथातला देव, रथाखाली आडवे पडलेले राक्षसी देह, दुसरीकडे प्रचंड हत्तीवर बसलेला देव. पहिला सूर्य आणि दुसरा इंद्र असं सहसा सांगतात. अभ्यासकांत यावर एकमत नाही आणि इतरही अर्थ मांडले गेले आहेत. म्हणून वाटाड्याने ठासून सांगितलं तरी ते एक मत म्हणून घ्या. जवळच दोन वाद्यं वाजवणारी आणि तिच्यासमोर नाचणारी अशा दोन स्त्रियांचं शिल्प आहे. तबल्याचा उगम इथला असं जे सांगितलं जातं, ते या शिल्पावरून. तो निष्कर्ष फार लांबचा आहे, पण वादिकेच्या बसण्यातली ऐट मात्र पाहण्यासारखी आहे.

परतताना टाक्यांपाशी थांबा. एका टाक्यावर ते महारठी (त्या काळच्या सरदारांची पदवी) कोसिकीपुत विण्हुदत याने दिल्याचा लेख आहे. पावसाळ्यात इथे पाणी धो-धो आणि उन्हाळ्यात थेंब नाही. म्हणून वरून वाहणारं पाणी चरांनी वळवून टाक्यांत भरून ठेवायचं, ही व्यवस्था नसती तर बारा महिने डोंगरावर राहणं शक्यच नव्हतं.

कार्ल्याकडे

जेवून दोनच्या सुमारास निघा. भाजे ते कार्ले लेणी रस्त्याने सात-आठ किलोमीटर. मळवली, इंद्रायणीवरचा पूल, जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरचा कार्ले फाटा आणि मग डोंगर. थंडीत चालणाऱ्यांना ही वाट अवघड नाही, पण त्यात दीड-दोन तास जातात आणि उजेडाची वेळ हुकते. भाज्याहून रिक्षा करा. भाडं आधी ठरवा आणि 'वरच्या वाहनतळापर्यंत' असं स्पष्ट बोला. नाही तर रिक्षा पायथ्याला सोडते. पायथ्यापासून पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास आहेत. वाहनतळ डोंगराच्या साधारण मध्यावर असल्याने तिथून चढण बरीच कमी होते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी दोनपैकी एकच लेणं करायचं ठरवलं तर म्हणूनच कार्ले करावं.

वर पोचल्यावर दर्शनाची रांग आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं असतं. गर्दीत लोक चुकून दर्शनाच्या रांगेत तासभर उभे राहतात. लेण्याचा रस्ता विचारून घ्या.

कार्ले: दीड-दोन तास

आधी बाहेर डाव्या हाताला उभा असलेला सिंहस्तंभ पाहा. सोळा बाजूंचा दांडा आणि माथ्यावर चार सिंह. त्यावरच्या लेखात तो गोतिपुत महारठी अगिमित्रणकाचं दान असल्याचं म्हटलं आहे. उजवीकडेही असाच स्तंभ असावा असं मानतात. आता त्या जागी देऊळ आहे.

पुढे दोन जाड अष्टकोनी खांबांची बाहेरची भिंत आहे. तिच्या वरच्या कातळात लाकडी सज्जा अडकवण्याच्या खाचा आहेत. भाज्यात डोळा तयार झाला असेल तर त्या लगेच सापडतात. मग ओसरी. तिच्या दोन्ही टोकांना भिंतीतून तीन-तीन हत्ती पुढे येतात आणि त्यांच्या पाठीवर मजल्यांमागून मजले चढत जातात, जणू सगळा प्रासाद हत्तींनीच पेलला आहे. डाव्या टोकाला भिंतीवर वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याचा, लेख आहे: हे 'सेलघर' (दगडातलं घर) त्याने पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम आहे. दगडातून खोदलेलं भारतातलं सर्वांत मोठं चैत्यगृह हेच, तेव्हा तो अभिमान वायफळ नव्हता.

दारांच्या आजूबाजूला स्त्री-पुरुषांच्या भरदार जोड्या आहेत. त्यांच्या मध्ये बुद्धमूर्ती दिसतात. हे दोन्ही एकाच वेळचं काम नाही. जोड्या मूळच्या आहेत. बुद्धमूर्ती काही शतकांनी, मूर्तिपूजा रुळल्यावर कोरल्या. ओळखायची खूण अशी: मूळ भिंतीवर वेदिकेच्या कठड्याचं नक्षीकाम आहे आणि बुद्धमूर्ती कोरताना ते मध्येच कापलं गेलं आहे. ती कापलेली कड शोधा.

मधल्या दाराच्या वरच्या पट्टीतले लेख राजकीय इतिहासाचे आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे इथल्याच, भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा लेख आहे आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळची, मामाळच्या अमात्याला दिलेली आज्ञाही आहे. मामाळ म्हणजे आजचं मावळ. क्षत्रप गेले, सातवाहन आले, तरी भिक्खूंचं दान चालू राहिलं.

आत पाऊल टाकल्यावर सर्वांत मोठी चूक होते ती विजेरी लावण्याची. ती बंद ठेवा. फ्लॅशही नको. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. दारापासून चार पावलं आत येऊन बाजूला उभे राहा आणि वाट पाहा. आधी फक्त स्तूप दिसतो, मग खांबांचे माथे, मग छताचे वासे. मंडप सुमारे ३८ मीटर लांब आहे आणि रुंदी-उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर. दगडी कमानीखालचे सागाचे वासे मूळचे आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा मूळची. तिच्या आतल्या बाजूला कोरीव काम आहे. दुर्बिणीतून पाहा.

मग खांब. दोन्ही बाजूंना १५-१५, तळाशी कलश, वर उमललेलं घंटाकृती कमळ आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती. प्रत्येक हत्तीवर दोन स्वार, बहुतेक स्त्री आणि पुरुष. हे सगळेच पाहतात. आता खांबांमागच्या अरुंद वाटेत जा आणि तेच माथे उलट बाजूने पाहा. तिथे हत्तींऐवजी घोडे आहेत. स्तूपामागचे ७ खांब मात्र अगदी साधे, ना कलश ना माथा. मंडपातून ते दिसत नाहीत, म्हणून कष्ट वाचवले असावेत.

विजेरी आता काढा आणि खांबांवरचे लेख वाचायला घ्या. उजेड बाजूने तिरका टाकला तर ब्राह्मी अक्षरांच्या कडा सावली धरतात. समोरून टाकला तर अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. लिपी येत नसली तरी दानी कोण होते ते ठाऊक असावं. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी, आहेत. सोपाऱ्याचा सातिमित नावाचा भिक्खू आहे, त्याच्या खांबाच्या लेखात शरीरधातूचा, म्हणजे पवित्र अस्थि-अवशेषांचा, उल्लेख येतो. बाहेर एका दाराचं दान सिंहदत नावाच्या अत्तराच्या व्यापाऱ्याचं आहे. आणि दगडात दार घडवणारा सामी आपल्या लेखात स्वतःला 'वढकी', म्हणजे सुतार म्हणवतो. सकाळपासून पाहिलेल्या त्या लाकडी खाचा, तिरके खांब आणि वासे या एका माणसाच्या व्यवसायात एकत्र येतात. इथे आल्यावर त्याचं नाव निदान एकदा मोठ्याने घ्यावं असं आम्हाला वाटतं.

मंडपात आवाज घुमतो. आरडाओरड करून प्रतिध्वनी तपासू नका. अनेक बौद्ध कुटुंबं आणि उपासक इथे वंदनेला येतात. वंदना चालू असेल तर पलीकडच्या वाटेत थांबा. स्तूपाला हळद-कुंकू, तेल, नाणी, नारळ काहीही लावू-वाहू नका. तेल आणि घाम दगडात मुरतो आणि धुऊन निघत नाही. खांबांना टेकून बसू नका, त्याच कारणासाठी. बसायचं तर मोकळ्या जमिनीवर बसा.

चैत्यगृहाशेजारचे मजल्यांचे विहार वेळ उरला तरच करा. आतले जिने उंच पायऱ्यांचे आणि अंधारे आहेत. लहान मुलांना हात धरूनच न्या.

स्वतःचं वाहन असेल तर

दिवस बेडशापासून, म्हणजे याच परिसरातल्या तिसऱ्या बौद्ध लेण्यापासून, सुरू करा. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर आणि मग चारशेच्या आसपास पायऱ्या. बेडशाचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास तिथला. दर्शनी उंच खांबांच्या माथ्यांवरचे प्राणी आणि स्वार त्या कोवळ्या उन्हात उजळतात. तिथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याच्या दानाची नोंद आहे. शेजारचा विहार चौकोनी नाही, चैत्यगृहासारखा मागे गोल आणि वर कमानदार आहे. असं सहसा कुठे आढळत नाही. नऊपर्यंत तिथून उतरलात तर दहाला भाजे आणि साडेतीनला कार्ले आरामात जमतं. तिन्ही करताना भाज्याच्या वरच्या लोहगडाचा मोह मात्र सोडा. किल्ला त्याच दिवशी घेतला की कार्ल्याचं दार बंद होण्याच्या वेळी तुम्ही अजून रस्त्यात असता.

साडेपाचच्या सुमारास फाट्यावर याल. तिथून लोणावळ्याला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षा आणि बस मिळतात. मुंबईकरांनी मळवलीला परत जाण्यापेक्षा हाच मार्ग घ्यावा. पुणेकरांना मळवलीची लोकल सोयीची, मात्र अंधार पडायच्या आत स्टेशन गाठा, कारण फाट्यापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर दिवे तुरळक आहेत.